मानेच्या मणक्यात काय बसवावे?

(भाईंदर येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास भाषणाची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणाची महती किंवा विद्यार्थ्यांचा गुणगौरव या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशीच मंडळींची अपेक्षा असणार. त्या विषयावर याच व्यासपीठावरून इतकी उत्तम भाषणे झाली आहेत की, त्यांत भर घालण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. आम्ही आज निराळाच विषय घेणार आहो. मानेचे मणके सांधण्याची शस्त्रक्रिया आणि तीत बसवावयाच्या वस्तूची निवड, हा तो विषय होय. संमेलनाच्या मंडपात तो शोभून दिसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या वडील बंधूंवर ही शस्त्रक्रिया झाल्यापासून राई, मुर्धा, मोर्वा या आपल्या गावांतील माणसे रुग्णालयाचे अंदाजपत्रक हातात घेऊन रात्री-अपरात्री आमच्या ओटीवर येतात आणि विचारतात, "गुरुजी, यातला कोणता घालावा?" आम्ही वैद्य नव्हे. तरीही घरच्या प्रसंगात जे शिकलो, आणि त्यानंतर जाणत्यांना विचारून व वाचून जे समजले, ते एकदाच सर्वांपुढे मांडावे हे बरे.

प्रथम दादांची हकीकत सांगितली पाहिजे. आगरात मीठ पिकविणारे ते आगरी, ही आपल्या नावाची व्युत्पत्ती आपणांस ठाऊकच आहे. दादांनी तारुण्याची वर्षे मिठागरावर काढली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या मिठाचे टोपले, आणि पायाखाली निसरडा बांध. असा त्यांचा दिवस जाई. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेतील मणके इतरांपेक्षा लवकर झिजतात, असे आफ्रिकेतील हमालांच्या पाहणीत दिसून आले आहे. दादांची मान त्यामुळेच झिजली, असे ठामपणे सांगता येत नाही, कारण ज्यांनी आयुष्यात कधी ओझे उचलले नाही त्यांचीही मान उतारवयात झिजते. पण साठी उलटल्यावर त्यांना सदऱ्याची बटणे लावता येईनात. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राही आणि त्यांस ते कळतही नसे. मान फारशी दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेतले नाही. वहिनी म्हणाल्या वय झाले. आम्ही म्हणालो अशक्तपणा आला. एका मालिशवाल्याकडून मान मोडून घेतली, तेल चोळून घेतले आणि यात आठ महिने गेले.

हे आठ महिने ध्यानात असू द्यावेत. पुढे त्यांचा हिशेब येणार आहे.

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर खालच्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चिवट चकती असते. तिलाच आपण बोलण्यात गादी म्हणतो. मणक्यांच्या मागून मज्जारज्जू खाली उतरतो. गादी झिजून मागे सरकली, किंवा मणक्याच्या कडेला हाडाचे कंगोरे वाढले, म्हणजे त्यांचा दाब मज्जारज्जूवर किंवा तेथून निघणाऱ्या एखाद्या नसेवर येतो. या दोहोंत फार मोठा भेद आहे. नसेवर दाब आला तर हातातून कळ जाते, माणूस रात्रभर तळमळतो. पण हे दुखणे पुष्कळांचे विश्रांतीने, औषधाने व व्यायामाने काही आठवड्यांत उतरते. मज्जारज्जूवर दाब आला तर कळ असेलच असे नाही. बोटे मंदावतात, अक्षर बिघडते, चाल डळमळते. पहिल्या दुखण्याचा आरडाओरडा मोठा, म्हणून त्याची शस्त्रक्रिया लोक घाईने करवून घेऊ पाहतात, आणि दुसऱ्याचा आवाजच नाही म्हणून ते अंगावर काढतात. आमच्या घरी हेच झाले.

शेवटी एम.आर.आय. झाला आणि दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपल्याचे दिसले. शस्त्रवैद्यांनी शस्त्रक्रिया सांगितली. त्यानंतर आम्ही जमाखर्चाच्या खिडकीशी गेलो. तेथील गृहस्थांनी एका कागदावर तीन आकडे लिहून दिले. एकावर 'इंडियन', दुसऱ्यावर 'इम्पोर्टेड' आणि तिसऱ्यावर 'प्रीमियम' असे शब्द होते. याहून अधिक खुलासा नव्हता. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर इतके होते की, तेवढ्यात पुतणीचे लग्न उरकले असते. पुतण्या मुदतठेव मोडावयास निघाला आणि आम्हीही, विचार न करता, "दादांच्या मानेचा प्रश्न आहे, सर्वांत महाग असेल तेच घाला," असे बोलून गेलो. चाळीस वर्षे मुलांना 'का?' असे विचारावयास शिकविणाऱ्या माणसाने त्या खिडकीशी एकदाही 'का?' म्हणू नये, याची लाज आम्हांस आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी धीर करून आम्ही शस्त्रवैद्यांनाच विचारले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी टेबलावरच्या दोन आगपेट्या एकावर एक ठेवल्या, मध्ये खोडरबर ठेवले आणि सांगितले की, गादी काढली म्हणजे ही फट उघडी राहते. ती तशीच ठेवली तर वरचा मणका खाली बसतो आणि मान पुढे वाकते. म्हणून फटीत काहीतरी भरावयाचे. मात्र जे भरावयाचे ते हाडे जोडीत नाही. हाडास हाडच जोडते, आणि त्यास महिने लागतात. तोवर फट उघडी ठेवणे आणि मणके हलू न देणे, एवढेच त्या वस्तूचे काम. आपल्या गावात घराचा स्लॅब पडतो तेव्हा खाली सेंटरिंग लावतात. सिमेंट धरले की त्याचे काम संपते. मानेतील वस्तू म्हणजे असे सेंटरिंग, फक्त ते पुढे काढीत नाहीत इतकेच. हे ऐकताच आमच्या हातातील त्या तीन आकड्यांचा अर्थ बदलला. कोणती वस्तू भारी, हा प्रश्न बाजूस पडला आणि या माणसाच्या मानेत हाड कशाने लवकर व नीट धरेल, हा प्रश्न पुढे आला.

आता या वस्तूंचा क्रम पाहू. पुढून, म्हणजे गळ्याच्या बाजूने, श्वासनलिका व अन्ननलिका अलगद बाजूस सारून गादी काढण्याची रीत अमेरिकेत स्मिथ व रॉबिन्सन यांनी 1955 च्या सुमारास आणि क्लॉवर्ड यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी फटीत भरावयास रोग्याच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा कापून घेत. आपले स्वतःचे जिवंत हाड असल्याने ते उत्तम धरते. त्या बाबतीत आजही त्यास तोड नाही, आणि त्याचे मोल काहीच पडत नाही. परंतु माणसास एकाऐवजी दोन जखमा होतात. मान बरी झाली तरी कंबर कित्येक महिने दुखते, क्वचित कायमची दुखते. म्हणून मृत दात्याचे, शुद्ध केलेले हाड वापरण्याची प्रथा पडली. आपल्या मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात 1988 पासून अशी ऊतिपेढी चालू आहे व तेथे किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेले हाड तयार होते, हे कितीकांस ठाऊक नसेल. हे हाड धरावयास थोडे सावकाश, पण कंबरेची जखम वाचते.

पुढची युक्ती मोठी गमतीची आहे, कारण ती घोड्यांकडून आली. काही घोड्यांच्या मानेत मज्जारज्जू चेपून ते झिंगल्यासारखे चालतात. त्यांची मान सांधताना कंबरेचे हाड काढणे जड जाई, म्हणून बॅग्बी नावाच्या अमेरिकन अस्थिशस्त्रवैद्याने पोलादाची एक सच्छिद्र, पोकळ टोपली करविली आणि जागेवरच कोरून निघालेला हाडाचा चुरा तीत भरला. बाहेरची टोपली भार पेलते, आतला चुरा हळूहळू धरतो. 1977 साली अमेरिकेतील तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या सिअ‍ॅटल स्ल्यू या नामांकित घोड्याच्या मानेवर 2000 साली सांधण्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्याच टोपलीच्या कल्पनेतून माणसांसाठीचे 'केज', म्हणजे पिंजरे, निघाले. अंदाजपत्रकात ज्याची किंमत लिहिलेली असते तो हाच पिंजरा. आकार म्हणाल तर अंगठ्याच्या नखाएवढा.

हा पिंजरा मुख्यत्वे दोन द्रव्यांचा असतो. एक टायटॅनियम. हा धातू गंजत नाही, शरीर त्यास नाकारीत नाही आणि हाड त्याच्या अंगास घट्ट चिकटते. पण तो हाडापेक्षा कितीतरी ताठ. मणका वयाने ठिसूळ झालेला असेल तर ताठ पिंजरा त्यात रुतून बसण्याचा संभव असतो, आणि क्ष-किरणाच्या चित्रात धातूची सावली पडून आत हाड धरले की नाही ते नीट कळत नाही. दुसरे द्रव्य एक प्रकारचे टणक प्लॅस्टिक. त्याचे नाव 'पीक'. आपल्या शेतातल्या पिकाशी त्याचा काही संबंध नाही. लांबलचक रासायनिक नावाची ती आद्याक्षरे आहेत. याचा ताठपणा हाडाच्या जवळचा, आणि क्ष-किरण त्यातून आरपार जातात. इतके की पिंजरा कोठे आहे हे कळावे म्हणून त्यात धातूच्या बारीक खुणा ठेवाव्या लागतात. उणीव अशी की गुळगुळीत पीकला हाड चिकटत नाही; ते आतल्या पोकळीतूनच वाढून दोन्ही मणके गाठते. ही उणीव झाकण्यासाठी पीकवर टायटॅनियमचा मुलामा देतात, किंवा उलट टायटॅनियमच हाडासारखे जाळीदार छापून काढतात. 'प्रीमियम' म्हणून जे लिहिलेले असते ते बहुधा यांपैकी एखादे. कागदावर दोहोंचे गुणदोष असे समोरासमोर मांडता येतात खरे. परंतु एक-दोन वर्षांनी रोग्याचे हात-पाय कसे चालतात, दुखणे किती राहिले, हे पाहू गेल्यास या द्रव्यांमध्ये मोठा फरक पडल्याचे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. ज्या अंतरात लग्न उरकले असते त्या अंतराने दादांची बोटे अधिक चालली नसती.

पिंजऱ्यापुढे बसवितात ती टायटॅनियमची पट्टी, स्क्रूंसह. एकाच फटीचे काम असेल तर ती पुष्कळदा लावीत नाहीत आणि त्यात हयगय नसते. दोन-तीन फटी असतील तर पट्टीने मणके स्थिर राहून हाड धरण्याची खात्री वाढते. मात्र ती अन्ननलिकेच्या अगदी मागे बसते, त्यामुळे काहींना गिळताना अडखळते. बहुतेकांचे हे दिवसागणिक कमी होते. यास उपाय म्हणून स्क्रू पिंजऱ्यातूनच मणक्यात जातील आणि पुढे काही डोकावणार नाही अशी घडणही निघाली आहे.

हाड लवकर धरावे म्हणून पिंजऱ्यात घालावयाचे एक औषधी प्रथिनही मिळते. गळ्याच्या बाजूने ते वापरल्यावर काहींचा गळा सुजून श्वास कोंडला, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 मध्ये जाहीर इशारा दिला. नवीन ते अधिक चांगले, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आणि एक वस्तू हाड सांधण्याऐवजी सांधा हलता ठेवते, ती कृत्रिम चकती. अमेरिकेत मानेसाठी तिला 2007 मध्ये मान्यता मिळाली. तिच्यामागील विचार असा की, मणके सांधले म्हणजे त्यांच्या शेजारच्या गाद्यांवर ताण पडतो. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, मणके सांधलेल्या रोग्यांपैकी दरवर्षी सुमारे 2.9 टक्के लोकांस शेजारच्या जागी नवा त्रास सुरू झाल्याचे आढळले होते. तो सांधल्यामुळे की मुळातल्या झिजेमुळे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तरुण माणसाची एकच गादी सरकली असेल तर या चकतीचा विचार अवश्य व्हावा. परंतु ज्यांचे मागचे सांधेही झिजले आहेत, हाडे ठिसूळ आहेत, त्यांस ती चालत नाही. दादांच्या बाबतीत शस्त्रवैद्यांनी ती एका वाक्यात निकालात काढली. खिडकीवरच्या गृहस्थांनी मात्र तिचेही नाव मोठ्या कौतुकाने घेतले होते.

'इम्पोर्टेड' या शब्दाविषयी थोडे बोललेच पाहिजे, कारण आपल्या घरांतून त्या शब्दाला फार मान आहे. मानेचा सर्वांत अवघड सांधा म्हणजे पहिल्या दोन मणक्यांमधला. मस्तक ज्यावर टेकते आणि फिरते तो हा सांधा जन्मतः किंवा आजाराने सैल झाला, तर एखाद्या धक्क्याने माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. पूर्वी तो मागून तारेने आवळीत आणि रोग्यास कित्येक महिने मस्तकाभोवती चौकट बांधून ठेवीत. भाईंदरहून लोकल धरून प्रभादेवी स्थानकावर उतरले की परळचे केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील मज्जाशस्त्रवैद्य डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू बसवून त्यांस पट्टीने जोडण्याची रीत 1988 पासून वापरली आणि 1994 मध्ये डॉ. लाहेरी यांच्यासह ती प्रसिद्ध केली. दोन्ही अंगांस मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी असते. तिला न दुखावता स्क्रू नेणे हे किती नाजूक काम असेल याची कल्पना करावी. 2002 मध्ये त्यांनी अशा 160 रोग्यांचा वृत्तांत दिला. दरम्यान 2001 मध्ये जर्मनीचे हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरून हीच रीत मांडली, आणि आज जगभर ती गोयल व हार्म्स या दोघांच्या नावे ओळखली जाते. आपल्या महानगरपालिकेच्या रुग्णालयात, जेथे गोरगरीब रांगेत उभे राहतात, तेथून जगाने ही विद्या घेतली. आणि त्या रीतीतही सांधा आतून खरवडून कंबरेचे हाड भरीत, हे विशेष. स्क्रू आणि पट्टी पुन्हा सेंटरिंगच.

देशी मालात सारेच चांगले, असे आम्ही म्हणत नाही. वस्तू नियमांखाली नोंदलेली असावी, वेष्टन सीलबंद असावे, आणि ती बसविण्याचा त्या शस्त्रवैद्यांच्या हातास सराव असावा. हा शेवटला मुद्दा सर्वांत मोठा आहे. ज्या हाताने एक प्रकारचा पिंजरा शेकडो वेळा बसविला, त्यास आपल्या हट्टासाठी दुसराच बसवावयास लावणे हिताचे नाही. किमतीविषयी म्हणाल तर 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटवर व पुढे गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर कमाल किंमत ठरवून दिली. मानेचा पिंजरा त्या आदेशांत नव्हता. यास्तव तोच पिंजरा दोन ठिकाणी दोन भावांनी मिळाला तर आश्चर्य मानू नये. वस्तूचे नाव लेखी मागून घ्यावे व दुसरीकडे विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी विचारावे. मुदतठेव नंतर मोडता येते.

हाड धरण्याच्या आड येणारी वस्तू मात्र आपल्याच घरात आहे. तंबाखू. तिच्यातील निकोटिनमुळे हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि सांधा धरत नाही. धूम्रपान आमच्याकडे कोणी करीत नाही, असे सांगणाऱ्या घरांत सकाळी मशेरी लावली जाते, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. दादांना शस्त्रवैद्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी 'व्यसन नाही' असे सांगितले. वहिनींनी पदराआडून खूण केली म्हणून बरे. मशेरी सोडल्यावाचून शस्त्रवैद्य तारीख देईनात. ती सोडावयास दादांस जेवढा त्रास झाला, तेवढा शस्त्रक्रियेचा झाला नाही. मधुमेह असेल तर तोही आधी आटोक्यात आणावा लागतो.

दादांच्या मानेत अखेर दोन पीकचे पिंजरे आणि एक टायटॅनियमची पट्टी बसली. कागदावरील पहिल्या आकड्यातलीच. पिंजऱ्यात त्यांच्याच मानेतून कोरून निघालेल्या हाडाचा चुरा भरला. दोन आठवडे पेज-भात गिळताना त्रास झाला, पुढे राहिला नाही. वर्षाच्या आत दोन्ही ठिकाणी हाड धरल्याचे चित्रात दिसले. चाल पुष्कळ सुधारली. उत्तनच्या जत्रेस ते स्वतःच्या पायांनी गेले. डाव्या हाताची बोटे मात्र परत आली नाहीत. सदऱ्याची बटणे आजही वहिनीच लावतात. शस्त्रवैद्यांनी आधीच बजावले होते की, शस्त्रक्रिया पुढचे नुकसान थांबविते, झालेले भरून देईलच असे नाही. आणि ते फार दिवस चेपलेले राहिले असेल तर आशा कमी. मघाशी आम्ही आठ महिने ध्यानात ठेवावयास सांगितले होते, ते याकरिता. ज्या काळात काही करणे शक्य होते तो आम्ही तेल चोळण्यात घालविला, आणि ज्याने फारसा फरक पडणार नव्हता त्या निवडीवर मात्र रात्ररात्र खल केला.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगून आपली रजा घेतो. अशा प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर चिकटपट्टी असते; तीवर वस्तूचे द्रव्य, माप व क्रमांक छापलेला असतो. ती रुग्णालयाच्या कागदांवर चिकटवून घ्यावी व आपणही एक प्रत ठेवावी. दादांची चिकटपट्टी वहिनींनी शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवली. मागल्या पावसाळ्यात दादा बांधावरून घसरले आणि गुडघ्याचा एम.आर.आय. काढावा लागला. तेथील तंत्रज्ञाने प्रथम हेच विचारले की, अंगात धातू आहे काय आणि कोणता. पुतण्या घरी धावला आणि ती पिशवी घेऊन आला. चिकटपट्टीवरचे नाव वाचून तंत्रज्ञाने मान हलविली आणि दादांना यंत्रात घेतले.